तोंड हलतंय म्हणजे तोच बोलतोय का? डीपफेक व्हिडिओ चेहऱ्यावरून ओळखायचा कसा

कपाशी_पारोळा
नमस्कार मंडळी. मागच्या पंधरवड्यात आमच्या घरात जे झालं त्यावरून विचारतोय, जाणकारांनी जरा वेळ काढून सांगा.

आमचे आप्पा ६८ वर्षांचे, आयुष्य कपाशीत गेलं, आता गुडघे धरलेत. व्हॉट्सॲपच्या कुठल्यातरी ग्रुपवर त्यांना एक व्हिडिओ आला. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक मोठे डॉक्टर (नाव लिहीत नाही, त्या माणसाचा यात काहीच दोष नाही) खुर्चीत बसून चक्क मराठीत सांगताहेत की अमुक पावडर २१ दिवस घ्या, गुडघे विशीतल्या पोरासारखे होतील, आणि बाकीच्या इंग्रजी गोळ्या बंद करा. खाली लिंक. आप्पांनी शेजारच्या पोराकडून ३,६०० रुपये पाठवले, पावडर आली पण, आणि वर चार दिवस बीपीची गोळी बंद ठेवली. मला कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

मी सांगितलं आप्पा हे खोटं आहे, डीपफेक म्हणतात त्याला, कॉम्प्युटरने बनवलेलं आहे. त्यांचं एकच, "आरे पन तो सोता बोली ऱ्हायना ना, तोंड हाली ऱ्हायनं ना त्यानं!" यावर मला उत्तर देता आलं नाही. कारण मी स्वतः मोबाईलवर बघितला तर मलाही खराच वाटला, डोळे मिटतात, मान हलते, हात हलतात. एवढंच मनात येत होतं की काहीतरी बरोबर नाही, पण काय ते बोट ठेवून दाखवता येईना. तर चेहऱ्याच्या हालचालीवरून हे कसं पकडायचं, आणि आप्पांना समोर बसवून दाखवता येईल असं काही आहे का? व्हिडिओ खाली जोडलाय, ४१ सेकंदांचा आहे. मला ॲपचं नाव नको, डोळ्याने काय बघायचं ते हवंय.

चाळीसगावची_लेक
दादा बाकी सगळं नंतर, आधी हे सांगा की बीपीची गोळी परत सुरू केली का? आणि डॉक्टरांना दाखवलं का? त्या पावडरीत काय असतं कुणाला माहीत, पुडी टाकून देऊ नका, सोबत घेऊन जा.

कपाशी_पारोळा
हो ताई, दुसऱ्याच दिवशी अमळनेरला नेलं होतं, गोळी सुरू आहे, प्रेशर आता ठीक आहे. पुडी डॉक्टरांनी ठेवून घेतली.

फ्रेमवाला_धुळे
भाऊ व्हिडिओ उतरवून कॉम्प्युटरवर टाकून बघितला. मी १४ वर्षं लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतोय, दिवसभर माणसांचे चेहरे एक-एक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) सरकवत बघणं हेच माझं काम, त्यामुळे हे बघायला बसलो तर दोन तास कसे गेले कळलं नाही.

पहिली गोष्ट, हा अख्खा माणूस बनवलेला नाहीये. डॉक्टर खरे आहेत, खुर्ची खरी, हातवारे खरे, पापण्या खऱ्या. त्यांच्या कुठल्यातरी जुन्या मुलाखतीचा तुकडा घेतलाय आणि फक्त नाकाच्या खालचा भाग, म्हणजे ओठ, दात, हनुवटी एवढाच नव्या आवाजाप्रमाणे परत रंगवलाय. म्हणून तुम्हाला डोळे-मान बघून खरं वाटलं, कारण ते खरंच आहे. याला लिपसिंक म्हणतात. २०२० साली हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेच्या लोकांनी वेव्ह-टू-लिप नावाचं मॉडेल (उदाहरणांवरून शिकलेला कॉम्प्युटर प्रोग्राम) आणलं होतं, कुठलाही आवाज द्या आणि कुठल्याही माणसाचे ओठ त्याप्रमाणे हलवा असं. डबिंग, दुसऱ्या भाषेत लेक्चर वगैरे चांगल्या कामासाठी होतं, पण कोड सगळ्यांना खुला असल्यावर कोण काय करेल याला धरबंध नाही. ते मॉडेल चेहरा फक्त ९६ बाय ९६ पिक्सेलच्या चौकोनात बनवायचं आणि मग तो मूळ व्हिडिओवर चिकटवायचं, त्यामुळे डोळे कसे स्वच्छ आणि तोंड मात्र पुसट असं व्हायचं. आताची टूल्स पुष्कळ पुढे गेलीत तरी स्वस्तात केलेल्या कामात हा फरक अजून दिसतो. तुमच्या व्हिडिओत दिसतो. कपाळावरच्या सुरकुत्या मोजता येतात आणि ओठावरची रेघसुद्धा दिसत नाही.

आता बघायचं कुठे ते सांगतो. डॉक्टरांना दोन-तीन दिवसांची पांढरी दाढी आहे. ११ व्या सेकंदापासून हळू करून बघा, तोंड उघडलं की हनुवटीवरचे पांढरे केस विरघळल्यासारखे जातात आणि तोंड मिटलं की परत येतात. खऱ्या माणसाचे केस कातडीबरोबर सरकतात, गायब होत नाहीत. मग दात बघा, दाताला दात वेगळा दिसतच नाही, एक पांढरी पट्टी आहे. आणि "लवकर", "लाखो लोक" म्हणताना जीभ वरच्या दातांमागे लागायला हवी, उघड्या तोंडात ती थोडीतरी दिसतेच, इथे आत नुसता काळोख.

सगळ्यात भारी आहे २३ वा सेकंद. ते बोलता बोलता नाकाकडे हात नेतात, एक बोट ओठावरून जातं, आणि बरोबर तीन फ्रेमपुरते ओठ बोटाच्या पुढे येतात! बोट मागे, ओठ पुढे. हे आप्पांना दाखवाच, याच्यावर वाद नाही.

अजून एक, गळ्याची घाटी, म्हणजे कंठमणी. ओठ नवे आहेत पण गळा जुन्या मुलाखतीतला आहे, त्यामुळे घाटी वेगळ्याच ठिकाणी वरखाली होते. तोंड बोलतंय तेव्हा त्यांनी आवंढा गिळलाय. बोलत बोलत आवंढा गिळता येतो का कुणाला, करून बघा.

मोबाईलवर कसं बघायचं: यूट्यूबवर असेल तर स्पीड ०.२५ करा. कॉम्प्युटर असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये इंग्रजी ई दाबत गेलं की एक-एक फ्रेम पुढे सरकते. आणि स्क्रीन मोठी घ्या, पाच इंचावर सगळेच देखणे दिसतात.

शिक्षिका_अमळनेर
वरच्या दादांनी फार नीट सांगितलंय. मी मराठी शिकवते, कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही, पण ओठांचं मात्र माझ्या विषयातलं आहे आणि मला वाटतं घरच्या घरी करायला हीच युक्ती सगळ्यात सोपी.

लहानपणी पाठ केलेलं आठवा, प फ ब भ म, ओष्ठ्य वर्ण. ओठ ओठाला लागल्याशिवाय ही अक्षरं निघतच नाहीत. आरशासमोर उभं राहून तोंड उघडं ठेवून "माय" म्हणून बघा, नाही म्हणता येणार. क, ग, त, स म्हणताना ओठ कसेही असले तरी चालतात, पण प-ब-भ-म ला सवलत नाही. (फ सोडून द्या, आपल्याकडे बरेच जण तो वरचे दात खालच्या ओठावर ठेवून म्हणतात.) आपली नाती बघा ना, आप्पा, बाबा, माय, भाऊ, मामा, मावशी, सगळीकडे ओठ मिटतात. आप्पा मधे तर जोड प, ओठ क्षणभर दाबून धरावे लागतात.

आता व्हिडिओ बघा. पहिलंच वाक्य आहे "गुडघेदुखीपासून मुक्ती मिळवा". पा, मु, मि. तीन वेळा ओठ पूर्ण मिटायला हवेत. मी फोन आडवा धरून हळू स्पीडवर बघितलं तर पा ला ओठ जवळ आले पण फट राहिली, मु ला बरोबर मिटले, मि ला पुन्हा फट. पुढे "बीपीच्या गोळ्या बंद करा" मधे तर पहिल्या बी ला चक्क दात दिसतात. ब म्हणताना दात!

पण एक सांभाळा. व्हॉट्सॲपवर कधी कधी आवाज आणि चित्र मागेपुढे होतं, साधा तांत्रिक गोंधळ असतो. तेव्हा सगळी अक्षरं सारखीच उशिरा येतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच फरक. खोट्या व्हिडिओत तसं नसतं, एक अक्षर जुळतं, दुसरं चुकतं, तिसरं जुळतं. आणि हिंदीवरून रीतसर डब केलेला व्हिडिओ असेल तर तिथेही ओठ जुळणार नाहीत, म्हणून नुसतं जुळत नाही एवढ्यावर कुणाला खोटं ठरवू नका.

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी हे करून घेतलं होतं. जोड्या लावल्या, एकाने आवाज न काढता वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने फक्त प-ब-भ-म आले की टाळी द्यायची. दहा मिनिटांत पोरं इतकी तयार झाली की मी फळ्याकडे तोंड करायच्या आधी आवाज न काढता काय पुटपुटले तेही ओळखायला लागली.

कपाशी_पारोळा
बाई, हे वाचून मी एकटाच ओट्यावर बसून पा पा मा मा करतोय. खरंच मिटतात ओठ, ५० वर्षांचा झालो, कधी लक्ष गेलं नव्हतं.
एक प्रश्न, मी कुठेतरी वाचलं होतं की डीपफेकमधला माणूस पापण्या लवत नाही. यात तर लवतोय. म्हणजे ते वाचलेलं चुकीचं का?

भुसावळकर_पुण्यात
चुकीचं नाही, जुनं आहे. मी याच क्षेत्रात नोकरी करतो, व्हिडिओ तपासायचं सॉफ्टवेअर हेच काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डीपफेक हा शब्दच २०१७ चा, रेडिट या वेबसाइटवर त्याच नावाने एकजण असे व्हिडिओ टाकायचा. २०१८ मध्ये अमेरिकेत अल्बनी विद्यापीठाच्या सिवेई ल्यू यांच्या टीमने पापण्यांची गोष्ट पकडली. कारण साधं होतं. मॉडेल शिकतं फोटोंवरून, आणि डोळे मिटलेला फोटो कोण इंटरनेटवर टाकतो? आपण तो डिलीट करतो. त्यामुळे मॉडेलने मिटलेले डोळे फारसे पाहिलेच नव्हते, मग ते मिटवणार कसे. खरा माणूस मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी लववतो, बोलताना त्याहून जास्त, आणि एकदा लवायला सेकंदाच्या दहा भागांतले एक ते चार भाग लागतात. पण हा शोध प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच बनवणाऱ्यांनी मिटलेले डोळे शिकवले आणि विषय संपला. आणि तुमच्या व्हिडिओत तर फ्रेमवाला भाऊ म्हणाले तसं, डोळे खऱ्याच माणसाचे आहेत, ते लवणारच.

बाईंनी जे प-ब-भ-म सांगितलं ते बघून मी थक्क झालो, कारण २०२० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमकी हीच पद्धत मांडली, इंग्रजीतले एम, बी, पी घेऊन. आपल्याकडे मुळाक्षरांच्या तक्त्यात ओष्ठ्य म्हणून एका ओळीत कधीचं बसलेलं आहे.

त्याच टीममधले हॅनी फरीद आणि श्रुती अगरवाल यांचं २०१९ चं काम मला जास्त आवडतं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाच्या बोलण्याची एक लकब असते. तोंडाबरोबर मान, भुवया, गाल कसे हलतात याची जोडी ठरलेली असते. ओबामा "हाय एव्हरीबडी" म्हणताना मान वर एका बाजूला करतात आणि ओठ आवळतात. त्यांनी भुवया, गाल, ओठ, मान अशा २० हालचाली घेतल्या, प्रत्येकीची दुसरीशी जोडी लावली, त्या होतात १९०, आणि दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत त्या जोड्या किती जुळतात ते मोजलं. नक्कल करणारा ओठ बरोबर हलवेल, पण भुवईची आणि ओठाची त्या माणसाची जोडी त्याला जमत नाही. अडचण ही की यासाठी त्या एका माणसाचे तासन्तास खरे व्हिडिओ आधी लागतात, म्हणजे मोठ्या पुढाऱ्यांसाठी उपयोग, तुमच्या-आमच्यासाठी नाही. पण तत्त्व आपल्याला वापरता येतं. आपल्या माणसाच्या लकबी आपल्याला माहीतच असतात, त्याला तासांचा डेटा लागत नाही, एका घरात राहिलेलं पुरतं.

चेहऱ्याच्या हालचाली मोजायच्या कशा याचा पाया खरं तर १९७८ चा आहे, पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसेन यांनी चेहऱ्याच्या एकेका हालचालीला नंबर दिले. गाल वर जाणं ६, ओठांचे कोपरे वर जाणं १२. मनापासूनच्या हसण्यात दोन्ही एकदम येतात आणि डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पडतात, नुसतं १२ आलं तर ते दाखवायचं हसू. लिपसिंकवाले ओठ हसवतात पण वरचा चेहरा जुन्या मुलाखतीतला, तिथे तेव्हा हसू नसतं. ही फट बऱ्याचदा राहून जाते.

ॲपबद्दल तुम्ही नको म्हणालात ते बरोबरच आहे. फेसबुकने २०१९-२० मध्ये मोठी स्पर्धा घेतली होती, एक लाखाच्या वर व्हिडिओ दिले, जगभरचे लोक उतरले, आणि आधी न दाखवलेल्या व्हिडिओंवर पहिल्या आलेल्याचा निकाल होता ६५ टक्के. म्हणजे शंभरातले ३५ चुकले. नंतर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलने फेककॅचर आणलं, हृदयाच्या ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीचा रंग डोळ्याला न कळेल इतका बदलतो तो पकडायचा, ९६ टक्के अचूक असा त्यांचा दावा. मग २०२५ मध्ये बर्लिनच्या हंबोल्ट विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की चांगल्या डीपफेकमध्ये मूळ माणसाचा ठोका तसाच उतरून येतो. असं हे चाललंय, आम्ही एक फट शोधतो, ते बुजवतात. आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून छोटा करतं तेव्हा असले बारीक धागेदोरे सगळ्यात आधी पुसले जातात, दहा ग्रुप फिरून आलेला व्हिडिओ म्हणजे दहा वेळा धुतलेला कपडा.

म्हणून माझं स्पष्ट मत, चेहऱ्यात चूक सापडली तर खोटं नक्की म्हणा, पण चूक सापडली नाही म्हणून खरं म्हणू नका. तुमच्या व्हिडिओत सापडली कारण तो घाईत आणि स्वस्तात केलाय. चांगला केलेला असता तर मलाही नुसत्या डोळ्याने दिसला नसता. तिथे मग बघायचं की हे त्या माणसाच्या स्वतःच्या अधिकृत पानावर आहे का. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरने स्वतः पोस्ट टाकून सांगितलं होतं की गेमिंग ॲपच्या जाहिरातीतला तो मी नाही, त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराने आणि रिझर्व्ह बँकेनेही आपल्या प्रमुखांच्या खोट्या व्हिडिओंबद्दल लोकांना सावध केलं होतं.

चाळीसगावची_लेक
सगळ्यांचं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पण मला एक मनातलं सांगायचंय, कारण हे वाचून उद्या कुणीतरी सरसकट चेहरे तपासायला लागेल.

माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. त्यात फक्त हात थरथरत नाही, चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. पापण्या फार कमी लवतात, कधी कधी मी मोजते तर मिनिटाला चार-पाच. हसले तरी गाल वर जात नाहीत, आवाज एका सुरात, डोळे स्थिर. वर ज्या ज्या खुणा लिहिल्या आहेत त्यातल्या निम्म्या माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर आहेत.

दिवाळीत मी त्यांचा एक छोटा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांना शुभेच्छा देताना, प्रत्येकाचं नाव घेऊन. नावं आठवायला त्यांना सकाळपासून तयारी करावी लागली, एका कागदावर लिहून घेतली होती आणि कागद मी कॅमेऱ्याच्या मागे धरला होता. त्यावर एका पुतण्याने लिहिलं, "हे एआय वाटतंय, काका असे बोलत नाहीत." त्याने मुद्दाम नाही केलं, त्याने चार वर्षांत त्यांना पाहिलेलंच नव्हतं. बाबांनी ते वाचलं. काही बोलले नाहीत, फोन उलटा ठेवला.

चेहऱ्याचा लकवा असलेले लोक असतात, एका बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ एकीकडे ओढला जातो. भाजलेले असतात. कवळी नवी बसवलेले असतात, त्यांचे ओठ सुरुवातीला अक्षरांवर नीट मिटत नाहीत. तर भुसावळच्या दादांना विनंती, तुम्ही हे सॉफ्टवेअर बनवता तर अशा माणसांचे व्हिडिओ पण त्यात घाला, नाहीतर मशीन त्यांना खोटं म्हणेल.

भुसावळकर_पुण्यात
ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्याकडे जे व्हिडिओ आहेत त्यात बहुतेक धडधाकट, तरुण, स्टुडिओच्या उजेडात बसलेले लोक आहेत. मी हे सोमवारी टीमपुढे ठेवतोय. आणि वरचं माझं वाक्य दुरुस्त करतो, चेहरा कमी हलणं ही चूक नाही. केस विरघळणं, बोटाच्या पुढे ओठ येणं, हे कुठल्याच आजारात होत नाही, या चुका. पापण्या कमी लवणं, चेहरा स्थिर असणं ही फक्त शंका, आणि ती सुद्धा त्या माणसाला ओळखणाऱ्याला विचारल्याशिवाय बोलायची नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.

सुरतवासी_नंदुरबार
काय भो, कसं काय. आम्ही नंदुरबारचे, आता सुरतला कापड मार्केटला. इथे आपल्याकडची पोरं पुष्कळ आहेत आणि गावाकडे त्यांच्या नावाने फोन जातात, पोलिसांनी धरलंय, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा. आतापर्यंत नुसता आवाज असायचा, आमच्या ओळखीत एकाच्या घरी व्हिडिओ कॉल आला. १५ सेकंदांचा, अंधारात, पोराचा चेहरा, रडतोय, आणि लगेच कट. आई तर चप्पल घालून निघालीच होती पैसे भरायला. थोरल्या बहिणीने पोराच्या रूमवरच्या दुसऱ्याला फोन लावला म्हणून वाचले, पोरगा शिफ्टवर होता.

लाइव्ह कॉलवर तुम्ही काय हळू स्पीड करून बघणार नाही. तिथे समोरच्याला सांगायचं, बाबा पूर्ण मान वळव, कान दाखव, दोन्ही बाजूचा. चेहरा चिकटवणारं सॉफ्टवेअर समोरून पक्कं असतं, पूर्ण बाजूने गेलं की गालाची कड फाटते, नाक डगमगतं. चेहऱ्यावरून हळूहळू हात फिरवायला सांगायचं, बोटं पसरून. हल्ली हेही निभावून नेणारी टूल्स येताहेत म्हणे, म्हणून आम्ही घरी एक प्रश्न ठरवून ठेवलाय जो फक्त घरच्यांना माहीत, बैलाच्या नावाचा आहे, आमच्या लहानपणी होता तो. फोटोत नाही, फेसबुकवर नाही.

आणि कपाशीवाले भाऊ, ३,६०० गेले ते गेले म्हणून बसू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम अडकवता येते, तुमचे दिवस गेलेत पण तक्रार तरी टाका, त्याच खात्यात अजून किती आप्पांचे पैसे जात असतील. पेमेंटचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), तो मूळ व्हिडिओ, लिंक, ग्रुपचा स्क्रीनशॉट हे सगळं जपून ठेवा, चिडून डिलीट मारू नका.

कपाशी_पारोळा
तक्रार टाकली भाऊ, नंबर आला. आता काल रात्री काय झालं ते सांगतो, तुम्हा सगळ्यांना सांगणं माझं काम आहे.

पुतणीचा लॅपटॉप आणला, जेवणं झाल्यावर ओट्यावर मांडला. आप्पा नाखूषच होते, त्यांना वाटलं मी चारचौघांत त्यांची चूक काढणार. म्हणून मी काही बोललोच नाही, आधी आईला आणि पुतणीला समोर बसवून "आप्पा" म्हणायला लावलं, ओठ बघा म्हटलं. मग आप्पांनी पण हळूच म्हणून बघितलं. मग व्हिडिओ लावला, "बीपीच्या गोळ्या" वर थांबवला. ब ला दात. आप्पा पुढे सरकून बसले. मग २३ वा सेकंद, एक-एक फ्रेम. बोट आलं, ओठ पुढे आले. आई म्हणे, "हाई काय भुताटकी!" आप्पा गप्प. म्हणे परत दाव. पाच वेळा बघितलं.

मग त्यांनी मला थांबवलं आणि म्हणे आवाज बंद कर. आवाज बंद करून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून. आणि म्हणाले, "हात एक सांगतस, तोंड दुसरंच सांगस. नि तोंड हासस, डोया नई हासतस." मला एकदम भुसावळच्या दादांचं ६ आणि १२ आठवलं. आप्पांनी सगळं आयुष्य बैलबाजारात जनावराची चाल बघितली आहे, दलाल काय बोलतो याकडे कान न देता. म्हणे बैल घेताना आधी चालवून बघतो, दात बघतो, मग भाव. फोनवर माणूस बघताना आपण आवाजच ऐकत बसलो. असं ते स्वतःच म्हणाले, मी नाही म्हटलं.

चाळीसगावच्या ताईंची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. तुमच्या बाबांना सांगा ताई, पारोळ्यात एक माय त्यांच्यासाठी डोळे पुसत होती.

आणि आज सकाळी आप्पांनी माझ्याकडे एक नवीन व्हिडिओ आणला, हा पण खोटाच असणार म्हणून. कृषी खात्याचे एक अधिकारी शेतात उभे राहून गुलाबी बोंडअळीबद्दल सांगत होते. मी हळू करून बघितला, प-ब-म सगळे मिटतात, वाऱ्याने केस उडतात ते कपाळाला धरून उडतात, कपाशीचं पान तोंडापुढून जातं तेव्हा पान पुढेच राहतं. तरी दादांचं ऐकून तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन केला, तर म्हणे हो, आमचेच साहेब आहेत. एकरी किती कामगंध सापळे (वासाने पतंगांना ओढून पकडणारे) लावायचे तेही विचारून घेतलं. आता दुपारी पारोळ्याला जाऊन घेऊन येतो, आप्पा सोबत येतो म्हणताहेत.